संघात वयानं मोठी पोरगी खेळतेय आणि कॅप्टन आमची मुलगी आहे. काय करावं?

फॅट-एसएनएफ (वाळवा, जि. सांगली)

मंडळी, जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला उत्तर देता येणार नाही. गाव आणि शाळा विचारू नका, वाळवा तालुका एवढ्यावर भागवा.

मी दूध संस्थेत सचिव. मुलगी दहावीला, शाळेच्या खो-खो संघाची कॅप्टन, सतरा वर्षांखालचा गट. तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, आता विभागीय स्पर्धा तोंडावर आलीय. जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या पुरुषांनी आणि बायकांनी, दोघांनीही नेपाळला हरवून तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. तेव्हापासनं आमच्या पोरींच्या अंगात वारं शिरलंय. पहाटे मी संकलनाला निघतो तेव्हा ही बूट घालून दारात उभी असते.

आता मुद्दा. संघातली एक पोरगी आमच्या शाळेतली नाहीच. ती बारावीला, कॉलेजात. तिची धाकटी बहीण आमच्या शाळेत नववीला आहे. कागदावर खेळते धाकटी, मैदानात उतरते मोठी. जन्मदाखला धाकटीचा, आधार धाकटीचं. दोघींचे चेहरे मिळतेजुळते आणि आधारवरचा फोटो लहानपणीचा, त्यामुळं बघणाऱ्याला काही कळत नाही. यंदा, म्हणजे 2025-26 ला, या गटाला 1 जानेवारी 2009 किंवा त्यानंतरचा जन्म लागतो. मोठीचा त्याच्या आधीचा आहे. खेळाच्या सरांनी सगळ्या पोरींना बजावून ठेवलंय, मैदानात हाक मारायची ती धाकटीच्या नावानं.

खो-खो बघणाऱ्यांना माहीत आहे, आपली तुकडी पळत असताना बाहेर बसलेल्या पोरी घसा फुटेस्तोवर ओरडत असतात. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात मोठी पळत होती, समोरची खांबापासनं वळून अंगावर आली आणि आमच्या कार्टीच्या तोंडून खरं नाव निसटलं. गोंगाटात कुणाच्या कानावर गेलं नाही. पण तेव्हापासनं पोरीचं जेवणात लक्ष नाही. मला हे सगळं तिनं त्याच्यानंतर सांगितलं. रडत नव्हती, नुसती सांगत होती. त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

अजून एक. शाळेतनं गेलेली खेळाडूंची यादी तिच्याच अक्षरात आहे. अक्षर चांगलं म्हणून सरांनी तिला लिहायला बसवलं.

सर वाईट माणूस नाही, हेही लिहिलं पाहिजे. मानधनावर आहेत. ते मानधन कधी येतं, कधी येत नाही. दोन पोरींना बूट त्यांनी स्वतःच्या खिशातनं घेतले. स्पर्धेला त्यांच्या भावाच्या गाडीतनं नेतात, डिझेलचे पैसे मागत नाहीत. त्यांचं म्हणणं, समोरचे सगळे हेच करतात, आपण साधं राहून दरवर्षी तालुक्यातच हरायचं का?

आणि मोठीला घ्यायचं म्हणून जिला बसवली ती पोरगी आमच्याच गल्लीतली. आई द्राक्षाच्या बागेत मजुरीला जाते. पाचवीपासनं खेळतेय.

मी रोज सकाळी लोकांच्या दुधाचं फॅट लावतो. कुणी पाणी घातलं तर चारचौघांत त्याच्या तोंडावर सांगतो. इथं मात्र तोंड उघडेना झालंय. कारण सरळ आहे. दहावीचं वर्ष, खेळाचे वाढीव गुण, आणि पोरगी पुढं पोलीस भरतीचं म्हणतेय, तिथं खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. तक्रार केली तर सगळा संघ बाद. गप्प बसलो तर पोरगी काय शिकेल? सांगा.

शेरीनाला

खरं सांगू? गप बसा. दादा, तुमची पोरगी तर वयात बसतेय ना, मग तुमचं काय जातंय? सांगली, सातारा, कोल्हापूर, कुठलाही जिल्हा घ्या. निम्म्या संघांत एखादी ताई असतेच. उद्या तुम्ही तक्रार करणार, गावात तुमचंच नाव खराब होणार, आणि डेअरीला दूध घालणारे चार जण दुसरीकडं जाणार. मार्चमध्ये दहावी झाली की विषय संपला.

पीटी_बाई_निवृत्त (सातारा)

शेरीनाला, तुमचं उत्तर मी नोकरीत असताना स्टाफरूममध्ये दर पावसाळ्यात ऐकलंय. शालेय स्पर्धा त्याच दिवसांत सुरू होतात.

फॅट-एसएनएफ दादा, मी शारीरिक शिक्षणाची शिक्षिका होते, खो-खोची पंचही होते. शाहू स्टेडियमवर उन्हात उभं राहून पायांची सालटं निघालीत. आधी तुमच्या मुलीबद्दल बोलते, सरांकडं मग येते.

शाळेच्या संघात कॅप्टन म्हणजे काय असतं? नाणेफेकीला जायचं, पाण्याच्या बाटल्या भरल्या का बघायचं, पोरी गोळा करायच्या, बक्षीस घेताना पुढं उभं राहायचं. पहिल्या तुकडीत कोण पळणार, खांबाजवळ कुणाला बसवायचं, राखीव कोण, हे सगळं सर ठरवतात. मानाचं नाव मिळतं, अधिकार कवडीचा मिळत नाही. आणि काही उलटसुलट झालं की पहिलं वाक्य येतं, "कॅप्टनला माहीत होतं." यादी तिच्या अक्षरात आहे ना? असू दे. खाली सही आणि शिक्का कुणाचा आहे ते बघा. मुख्याध्यापकांचा. खेळाडू आमच्या शाळेचा आहे, जन्मतारीख आमच्या रजिस्टरप्रमाणे आहे, असं ते लिहून देतात. यादी उतरवून काढणाऱ्या पोरीला त्यात ओढायचं नाही, आणि तिलाही तसं वाटू द्यायचं नाही. हे आज रात्रीच तिला सांगा.

आता पकडलं कसं जातं ते सांगते, कारण तुमच्या सरांना वाटतंय की दाखला जुळला म्हणजे झालं. पूर्वी तसं होतं. हरकत लेखी द्यायची, शुल्क भरायचं, ती फेटाळली तर शुल्क बुडायचं, म्हणून हरलेले शिक्षक हात झाडून निघून जायचे. आता पोरी रील टाकतात. मी टेबलावर असताना एका सामन्यात समोरच्या शाळेच्या मॅडमनी मोबाईल पुढं केला. आमच्यासमोर नववीची म्हणून उभी असलेली मुलगी त्या रीलमध्ये कॉलेजच्या स्नेहसंमेलनात नाचत होती, मागं कॉलेजचं नाव लावलेलं. पाच मिनिटांत निकाल लागला. संघ बाद. बसमध्ये चढताना ज्या पोरी रडत होत्या त्यांतल्या बाकी सगळ्यांचे दाखले खरे होते.

म्हणून "तुमचं काय जातंय" याचं उत्तर असं, की सापडलं तर संघातल्या प्रत्येक खऱ्या पोरीचं वर्ष जातं.

मी तुमच्या जागी असते तर आधी एकटी जाऊन सरांना भेटले असते. ऑफिसात जायचं नाही. मैदानावर, सराव संपल्यावर भेटायचं. सांगायचं, विभागीयच्या आधी तिला थांबवा, गल्लीतल्या पोरीला परत घ्या. माणूस चांगला आहे म्हणताय, तर त्याला मागं फिरायला वाट ठेवा.

पुण्यात_मुक्काम_मूळ_इस्लामपूर

बाईंचं बरंचसं पटलं, पण कॅप्टनला एवढं मोकळं सोडायला मी तयार नाही.

2018 ची ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाची केपटाउन कसोटी आठवा. सँडपेपरनं चेंडू घासला बँक्रॉफ्टनं, डोकं होतं वॉर्नरचं. स्मिथनं कागदाला हातही लावला नव्हता. पण तो कॅप्टन होता, चाललंय काय ते त्याला कळलं होतं आणि त्यानं अडवलं नाही. बँक्रॉफ्टला 9 महिने बंदी, स्मिथ आणि वॉर्नरला 12 महिने. म्हणजे ज्यानं घासला त्याच्यापेक्षा ज्यानं बघितलं त्याला जास्त. कॅप्टनपदाची किंमत तीच आहे.

आणि उलट बाजू बघायची तर वानखेडेवरची 1980 ची सुवर्णमहोत्सवी कसोटी. इंग्लंड 5 बाद 58. बॉब टेलरला पंचांनी झेलबाद दिलं, आपला कॅप्टन विश्वनाथ, त्याला वाटलं बॅट लागलेली नाही, त्यानं पंचांना सांगून टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमनी 171 ची भागी केली, आपण 10 गडी राखून हरलो. निकाल काही का लागेना, विश्वनाथचं नाव आजही त्याच गोष्टीसाठी निघतं. पोरीला हे सांगा. पंधराव्या वर्षी नाही शिकणार तर कधी?

पीटी_बाई_निवृत्त (सातारा)

अहो, स्मिथनं "थांबा" म्हटलं असतं तर तिथल्या तिथं थांबलं असतं. विश्वनाथ पंचांकडं गेला तर पंचांनी त्याचं ऐकलं. या पोरीनं "थांबा" म्हटलं तर दुसऱ्या दिवशी ती राखीव खेळाडूंत बसलेली असेल आणि कॅप्टन दुसरीच होईल. हा फरक लहान आहे का?

आणि केपटाउनचंच बोलायचं तर पुढचंही सांगा की. कोच लेहमनला या कटाची माहिती होती असं चौकशीत निघालं नाही, तरी त्यानं पद सोडलं. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या बोर्डानं बाहेरच्या लोकांकडून स्वतःचीच झडती घेतली. त्या अहवालात बोट तिघा खेळाडूंपाशी थांबलं नाही. काहीही करून जिंकायचं ही सवय बोर्डानंच लावली, असा त्याचा रोख होता. आपल्याकडं अशी झडती कुठल्या शाळेनं घेतलेली मला तरी माहीत नाही. आपण फ्लेक्स लावतो.

फॅट-एसएनएफ

बाई, फ्लेक्स म्हणालात म्हणून सांगतो. लिहू का नको असं चाललं होतं.

जिल्हा जिंकल्यावर स्टँडवर फ्लेक्स लागला. सगळ्या पोरींचे फोटो, खाली नावं, वर पुढाऱ्यांची तोंडं. त्यात मोठीचा फोटो आहे आणि खाली नाव धाकटीचं. गावात दोघींना सगळे ओळखतात. दोघी लहानपणापासनं किराणा आणायला त्याच स्टँडवर येतात. पानटपरीवाला बघून हसला. सरपंच त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढून गेले. वडापवाले दिवसभर त्याच्याखाली गाड्या लावतात. इतक्या लोकांत "अरे, हे नाव चुकलंय" असंसुद्धा कुणी म्हटलं नाही. मीही नाही.

म्हणजे लपवाछपवी फक्त बाहेरच्यांसाठी आहे, गावात सगळं उघड आहे. पोरीला त्याचाच जास्त त्रास होतोय असं वाटतं. ती म्हणते, "सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे अभिनंदन करतायत."

धाकटीला तर शाळेत पोरी "चॅम्पियन" म्हणून चिडवतात. ती खेळत नाही, चित्रं काढते.

मिरज_एक्सरे

मी मिरजेत रेडिओलॉजी विभागात तंत्रज्ञ आहे, वयाच्या तपासणीचे एक्स-रे काढतो. थोडी माहिती देतो. लोकांना वाटतं की हाडाच्या फोटोत जन्मतारीख छापून येते.

क्रिकेटमध्ये लहान गटांसाठी टीडब्ल्यू-3 नावाची पद्धत वापरतात. डाव्या हाताचा आणि मनगटाचा एक्स-रे काढायचा, हाडांच्या टोकांशी जी वाढीची चकती असते ती कितपत मिटलीय त्यावरून गुण द्यायचे आणि त्यावरून हाडाचं वय काढायचं. मुलींची हाडं साधारण पंधराव्या वर्षी आणि मुलांची साडेसोळाच्या आसपास पूर्ण पक्व झाली, असं ही पद्धत धरते. त्याच्यापुढं तिला काही सांगता येत नाही. सोळा वर्षांची मुलगी आणि अठरा वर्षांची मुलगी, दोघींच्या मनगटाच्या फिल्म शेजारी ठेवल्या तर मी काय, डॉक्टरसुद्धा छातीठोक सांगणार नाहीत. त्यामुळं सतरा वर्षांखालच्या मुलींच्या गटात एक्स-रेची भीती दाखवून उपयोग नाही. तिथं कागद आणि माणसाचा शब्द, एवढंच. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाची वयचोरीविरुद्धची संहिता 2010 पासनं आहे, 2025 ला तिचा नवा, कडक मसुदा आला. पण शेवटी दाखला देणारा खोटं बोलला तर संहिता काय करणार?

खरं तर मी दुसऱ्याच गोष्टीसाठी लिहायला घेतलं. खो-खोत सूर मारताना खांदा निखळतो, गुडघ्याचा लिगामेंट जातो. आमच्याकडं स्पर्धेच्या दिवसांत पोरं-पोरी जर्सीवरच येतात. उद्या ही मोठी मैदानात पडली आणि सर तिला घेऊन आले, तर केसपेपर कुणाच्या नावानं काढणार? धाकटीच्या नावानं काढला तर तिच्या रेकॉर्डला कायमचा ऑपरेशन झालेला गुडघा लागतो. मोठीच्या नावानं काढला तर स्पर्धेचा विषय तिथंच उघडा पडतो. भूल द्यायची वेळ आली तर वय, वजन, आधीचे आजार खरे लागतात. त्या वेळी सर बाहेर व्हरांड्यात उभं राहून विचार करत बसणार का?

कृष्णाकाठ_कऱ्हाड

आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. 1952, हेलसिंकी, कांस्य. हे सगळ्यांना पाठ आहे. इकडं जुनी माणसं अजून एक सांगतात. जपानच्या इशीशी लढत संपल्या संपल्या खाशाबांना सोव्हिएत पैलवानाशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये नियमानं विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला आपल्याकडचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा दमलेल्या अंगानं उतरले आणि हरले.

पैलवानानं कुस्ती करायची, भांडायचं काम बरोबरच्या मोठ्या माणसांचं. दादा, तुमच्या पोरीच्या बाजूनं तिथं कोण आहे ते बघा. सर नाहीत, मुख्याध्यापक नाहीत. उरला कोण?

राखीव_नऊ_नंबर

मी ती बसवलेली पोरगी आहे. म्हणजे तुमच्या गावची नाही, मिरज तालुक्यातली, आणि बरीच वर्षं झाली. आता नोकरी करते.

आमच्याकडं बाहेरची मुलगी आणली तेव्हा मला सांगितलं होतं, "तू लहान आहेस, पुढच्या वर्षी खेळ." पुढच्या वर्षी दुसरी आणली. मला राग त्या मुलीचा आला नाही, सरांचाही फारसा नाही. कॅप्टनचा आला. कारण ती माझ्या शेजारी बसून डबा खायची आणि एकदाही त्या विषयावर बोलली नाही. तिच्या हातात काही नव्हतं, हे आज कळतं. पण "तुझ्यावर अन्याय झालाय" एवढं म्हणायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

बाई, तुम्ही त्या मुलीला यातनं बाहेर ठेवा म्हणताय, प्रेमानंच म्हणताय. पण तिला विचारलंय का कुणी? खरं नाव तोंडातनं गेलं म्हणून जिला जेवण जाईना ती शोभेची कॅप्टन नाही. बाप तिच्या वतीनं जाऊन सगळं मिटवून आला तर तिला दोन गोष्टी कळतील, की सर ठरवतात आणि पप्पा ठरवतात.

आणि हे कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलते. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात हरलेल्या पोरींचं काय? विभागीयला मोठीला थांबवलं म्हणजे पुढचं सुधारलं. पण विभागीयला खरं म्हणजे जायला कोण पाहिजे होतं?

शेरीनाला

हे आता फारच लांब चाललं. एक खो-खोची मॅच आहे.

राखीव_नऊ_नंबर

जिंकलेल्यांसाठी एक मॅच असते.

पुण्यात_मुक्काम_मूळ_इस्लामपूर

राखीव ताईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. यावर एक उदाहरण आहे, 2001 चं, अमेरिकेतलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांची बेसबॉलची लिटल लीग. ब्रॉन्क्सच्या संघातला डॅनी अल्मॉन्टे नावाचा पोरगा असा चेंडू टाकायचा की समोरच्यांना बॅट लावता येईना. नंतर मूळ देशातले, डोमिनिकन रिपब्लिकचे, कागद निघाले, तर पोरगा चौदा वर्षांचा. संघ तिसरा आला होता, त्यांचे सगळे सामने रद्द ठरवले. पण आजीवन बंदी कुणावर घातली? पोराच्या बापावर आणि संघ काढणाऱ्या माणसावर. पोराला दोष दिला नाही.

म्हणजे दोन्ही होऊ शकतं. निकाल रद्द करता येतो आणि शिक्षा मोठ्या माणसांपुरती ठेवता येते. मी वर स्मिथचं उदाहरण दिलं, त्यापेक्षा हे जवळचं आहे.

पीटी_बाई_निवृत्त (सातारा)

राखीव नऊ नंबर, तुमचं पहिलं म्हणणं मला मान्य. मुलीला विचारायलाच हवं, पण विचारणं आणि तिच्या डोक्यावर टाकणं यात फरक ठेवून.

दुसऱ्यावर मात्र मी अडते. हरलेल्या संघाला न्याय द्यायचा तर शाळेनं स्वतःहून जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना लिहून द्यायला हवं, की आमच्या संघात अपात्र खेळाडू होती, आम्ही विभागीयला जात नाही. असं पत्र एखाद्या शाळेनं दिलेलं मी पाहिलेलं नाही. बापानं हट्ट धरला तर मुख्याध्यापक देतीलही, पण त्या दिवसापासनं त्या सगळ्या पोरींच्या दहावीच्या गुणांवर पाणी पडणार, ज्यांत गल्लीतली बसवलेली पोरगीही आली. न्याय म्हणून तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. मी त्या वर्गावर शिकवत असते तर ते पत्र दिलं असतं का? देता आलं असतं असं वाटत नाही, आणि म्हणून मी ते दुसऱ्याला द्यायला सांगणार नाही. दादा, हे तुम्ही आणि पोरगी ठरवा.

फॅट-एसएनएफ

काल रात्री बोललो तिच्याशी. सगळे रिप्लाय तिला वाचायला दिले. शेरीनालाचासुद्धा.

कळलं ते असं, की तिनं आपल्या आधीच एक काम केलंय. परवा सरावानंतर ती मोठीशी बोलली. मोठी म्हणाली, मलाही नको झालंय. प्रमाणपत्र मिळणार ते धाकटीच्या नावाचं, त्याचा मला काय उपयोग? वाढीव गुण नाहीत, भरतीत दाखवता येणार नाही. मग खेळतेस कशाला, विचारलं तर म्हणाली, "कॉलेजात मुलींचा संघच नाही. हे सोडलं तर पळायला कुठं जाऊ?"

हे ऐकून मी गार झालो. आम्ही सगळे समजत होतो की ती फसवून काहीतरी मिळवतेय. तिला त्यातलं काहीच मिळत नाही. सरांना संघ मिळतो, शाळेला फ्लेक्स मिळतो, आमच्या पोरींना गुण मिळतात. ती आपली खेळायला मिळतं म्हणून दुसऱ्याच्या नावाला ओ देते.

पोरीचं म्हणणं दोन गोष्टींचं आहे. एक, सरांशी बोलायचं ते ती आणि मी, दोघं मिळून. ती म्हणते, "तुम्ही एकटे गेलात तर सर म्हणतील, पप्पांना पाठवलं." दोन, जिल्ह्याच्या निकालाबद्दल काय करायचं ते संघातल्या सगळ्या पोरींनी बसून ठरवावं, बसवलेल्या पोरीलाही बोलवावं. मी म्हटलं, त्या नाही म्हणतील. म्हणाली, म्हणू दे, पण मी विचारलं असं तरी होईल. माझ्या मनात अजून गुण घोळतायत, खोटं कशाला बोलू. पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोघं जाणार आहोत.

बाई, एक सांगा. सरांच्या आधी मुख्याध्यापकांना कल्पना द्यावी का?

पीटी_बाई_निवृत्त (सातारा)

नको. आधी सर. मुख्याध्यापकांकडं आधी गेलात तर सर तोंडघशी पडतात आणि मग हट्टाला पेटतात. सरांनी ऐकलं तर खेळाडू बदलायचं पत्र त्यांनाच मुख्याध्यापकांकडून घेऊ दे. विभागीयच्या प्रवेशिका जायच्या आत ते व्हायला हवं, म्हणून शनिवारच्या पुढं ढकलू नका. ऐकलं नाही तर सोमवारी तुम्ही मुख्याध्यापकांना लेखी द्या, एक प्रत सही-शिक्क्यानिशी स्वतःकडं ठेवा. पत्रावर सही तुमची, पोरीचं नाव त्यात कुठंही नको. ग्रुपवर काही टाकू नका. बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करायची हौस कुणाला आली तर तीही नको.

मोठीचं मात्र डोक्यातनं जात नाही. शालेय स्पर्धांत एकोणीस वर्षांखालचा गट ज्युनिअर कॉलेजसाठीच असतो. बारावीतली मुलगी तिथं स्वतःच्या नावानं खेळली असती, तिच्या कॉलेजनं नुसती प्रवेशिका भरायला हवी होती. बारा-पंधरा पोरी आणि एक शिक्षक, याच्यापलीकडं काही लागत नाही. यंदाची मुदत गेली असेल, आणि तिची बारावीही संपतेय. पण खुल्या महिला गटाला वयाची अट नाही, जिल्ह्याचा संघ निवडताना चाचणी होते. सांगलीत खो-खोची मंडळं जुनी आहेत, संध्याकाळी मैदानावर जाऊन उभं राहिलं तरी कुणीतरी विचारतं. माझ्या ओळखीची एक जुनी खेळाडू तिथं मुलींना शिकवते. मला खासगीत निरोप टाका, मी तिला फोन करते. आणि मोठीला विचारून ठेवा, ती खांबावर चांगली आहे की पळतीत, फोनवर पहिलं तेच विचारतील.

फॅट-एसएनएफ

पळतीत, बाई. खांबावर आमची आहे. निरोप टाकलाय.